एकेरी सुतळी

मोठ्या बाईंनी ट्रेलरमधली रबरी चटई कोपऱ्यातून उचलली, एक हात कमरेवर ठेवला आणि पेचकस खालच्या फळीत खुपसला. फळीने दाद दिली नाही. वीतभर पुढे सरकून त्यांनी पुन्हा खुपसला. मग चाकाच्या वर, मग मागच्या दाराशी, जिथे घोड्याचं मूत साचून लाकूड आधी कुजतं तिथे. प्रत्येक वेळी पेचकसाचं टोक जेमतेम केसभर आत गेलं आणि अडलं.

"सापडली का कुजलेली?" खाली उभ्या असलेल्या सुनेने विचारलं.

"घाई कसली? अजून अर्धं डबडं बाकी आहे."

सुनेने हे डबडं तीन महिन्यांपूर्वी आणलं होतं. घोडेस्वारीची एक शाळा बंद पडली, तिथून. दोन घोड्यांचा, जीपच्या मागे जोडायचा ट्रेलर. आत मधोमध एक आडोसा, मागे बुटका रॅम्प. तेव्हापासून तो गवताच्या गंजीशेजारी ताडपत्रीखाली उभा होता. बाई रोज चार वेळा त्याच्यावरून जायच्या, पण मान वळवून एकदा बघतील तर शपथ. या तबेल्यात घोडे हिरव्या ट्रकमधून जात. सहा घोड्यांचा ट्रक, बाईंचा मुलगा तो चालवायचा, आणि त्यावर आजवर कोणी ब्र काढला नव्हता.

आज काढावा लागला होता.

"बाई, मला फळ्यांची काळजी नाही, वेळेची आहे," अंगणातून डॉक्टर म्हणाले. गुरांचे आणि घोड्यांचे डॉक्टर, ठेंगणे, गुडघ्यापर्यंत बूट. पहाटे येऊन त्यांनी तांबडीला दुखणं मारायचं इंजेक्शन दिलं होतं. "मागच्या डाव्या सांध्यात पू झालाय. तो आत धुऊन काढायला हवा, आणि ते इथे होणार नाही. मोठ्या दवाखान्यात तीनपर्यंत टेबल धरून ठेवलंय. दोन तासांचा रस्ता. आता वाजलेत साडेदहा."

"आणि तीनपर्यंत नाही पोहोचलो तर?"

डॉक्टरांनी बॅग एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"तर उद्या मी इथेच येईन. वेगळी सुई घेऊन."

बाईंनी चटई खाली सोडली. ती धप्प करून पडली.

तांबडी समोरच्या खणात तीन पायांवर उभी होती. तेवीस वर्षांची घोडी, कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका, खालचा ओठ म्हातारपणाने सैल झालेला. निम्म्या गावातली पोरं तिच्या पाठीवर बसून पडायला शिकली होती. अशी घोडी, आणि आज तिच्यावरून घरात दोन तट पडले होते.

"ट्रकच न्यायचा," मुलगा म्हणाला. सकाळपासून तिसऱ्यांदा. "जड गाडी आहे, रस्ता धरून चालते. इंजिन आणि घोडा एकाच सांगाड्यावर. माझ्या पाठीमागे खिडकी आहे, घोड्याने नुसतं फुरफुर केलं तरी मला ऐकू येतं. ट्रेलर म्हणजे शेपूट. वारा आला की झुलतो."

"आणि ट्रकचा रॅम्प बघितलास?" सून म्हणाली. "माझ्या छातीला लागतो. तीन पायांची घोडी त्यावर चढणार कशी? तू खांद्यावर घेणार आहेस? शिवाय ट्रकमध्ये घोडे आडवे उभे राहतात. हिचा मागचा पाय दुखतोय, ट्रेलरमध्ये तोंड पुढे करून उभी राहिली तर ब्रेक लागल्यावर वजन पुढच्या पायांवर जाईल. डॉक्टर, खोटं बोलतेय का मी?"

"खोटं नाही," डॉक्टर म्हणाले. "पण ट्रकवाल्याचंही खोटं नाही. मला विचाराल तर दोन्ही गाड्या बऱ्या आहेत."

"म्हणजे तुम्ही काहीच सांगितलं नाहीत," बाई म्हणाल्या.

"ट्रेलरमध्ये मागे काय चाललंय ते पुढच्याला कळत नाही," मुलगा म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "बाबांना कळलं होतं का?"

सुनेने जीपच्या टायरकडे बघितलं. मुलगाही आपलं बोलणं परत घेता येतं का असा चेहरा करून उभा राहिला.

अकरा वर्षं झाली होती त्याला. तांबडीची आई काळी, तबेल्यातली सगळ्यांत देखणी घोडी, तिला घेऊन बाईंचे मालक ट्रेलर जोडून निघाले होते. आत घोडी बाईंनीच चढवली, बाईंनीच बांधली. संध्याकाळी मालक रिकामा ट्रेलर घेऊन परत आले. एका वळणावर काळी आत पडली होती, मोकळी झाली होती, आणि आडोशाखाली पाय घालून मोडून घेतला होता. रस्त्यावरच तिला कायमचं शांत करावं लागलं. मालक अंगणात उभे होते, हातात तिचा दोर गुंडाळलेला. त्यांनी दोनच शब्द सांगितले.

"गाठ सुटली."

तुझी गाठ, असं ते म्हणाले नाहीत. म्हणायची गरजच नव्हती. दोर बाईंच्या हातात देऊन ते अंघोळीला गेले, आणि बाईंनी तो तसाच, एकदाही न उलगडता, चुलीत घातला. पुढे चार वर्षांपूर्वी मालक वारले, तोवर या विषयावर नवराबायकोत एक अक्षर झालं नाही. जगाला मात्र बाईंनी ठणकावून सांगितलं की दोष ट्रेलरचा. ट्रेलर म्हणजे चाकं लावलेलं खोकं, माझ्या दारात पुन्हा दिसता कामा नये. तो ट्रेलर भंगारात गेला, हिरवा ट्रक आला. आणि बाईंनी त्या दिवसानंतर प्रवासाला निघालेला घोडा कधी बांधला नाही. गाडी भरायची वेळ आली की त्यांना नेमकं आत काहीतरी काम निघे. कामाची बाई, तिला काम निघणारच. कोणाच्या ते लक्षातही आलं नाही. निदान बाईंचा तसा समज होता.

बाई ट्रेलरच्या रॅम्पवरून खाली उतरल्या. पेचकस त्यांनी सुनेच्या हातात दिला.

"दोन्ही गाड्या काढा," त्या म्हणाल्या. "खाणीच्या वळणापर्यंत जायचं आणि परत यायचं. आपलाच रस्ता आहे, कोणाच्या बापाची आडकाठी नाही. आत मी उभी राहते."

"आत म्हणजे कुठे?" मुलाने विचारलं.

"मागे. घोड्याच्या जागी."

"आई, तू काय घोडा आहेस?"

"नसेन. पण या घराचं ओझं इतकी वर्षं कोणी ओढलं, तूच सांग."

"बाई," डॉक्टर म्हणाले, "तुमचं वय बघा."

"बघितलंय. घोड्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची तीन, हे तुम्हीच मला सांगितलंत. तेवीस त्रिक एकोणसत्तर. मी सदुसष्ट. तिला बसवताय गाडीत, आणि मी म्हातारी?"

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं, आभाळ बघितलं आणि शेवटी हात टेकले.

"वीस मिनिटं. त्याहून जास्त नाही. आणि आत काहीतरी धरा."

"घोडा कुठे धरतो?"

"घोड्याला चार पाय असतात, बाई."

बाईंनी ऐकलं नाही असं दाखवलं. सुनेने मात्र खुंटीवरचा एक दोर काढला आणि ती ट्रेलरमध्ये चढली. पुढच्या भिंतीवर लोखंडी कडी होती, कडीला सुतळीचा एक लहान फास. दोर कधी थेट कडीला बांधायचा नाही, त्या सुतळीलाच बांधायचा, हा घोडे नेणाऱ्यांचा पहिला धडा. घोडा पडलाच तर सुतळी तुटते आणि मान वाचते. सुतळी एकेरी हवी; दुहेरी घेतली तर ती तुटत नाही, घोडा तुटतो.

सून दोर बांधायला लागली.

"दे इकडे," बाई म्हणाल्या.

सुनेचे हात थांबले. तिने सासूकडे बघितलं नाही, नुसता दोर दिला.

बाईंना वाटलं होतं बोटं विसरली असतील. पण बोटांनी मालकिणीला विचारलंसुद्धा नाही. एक वळसा, एक मुडप, मुडपीतून दुसरी मुडप, आणि खेच. घोड्याच्या बाजूने ओढलं तर आवळत जाणारी, मोकळं टोक ओढलं तर एका झटक्यात उघडणारी गाठ. बाईंनी ती दोनदा दाबून बघितली. मग दोराचं दुसरं टोक दोन्ही मुठींत धरलं, पाय फाकवले आणि म्हणाल्या,

"चल. आणि मी आत आहे म्हणून नखरे करू नकोस. चालवतेस तशी चालव."

रॅम्प वर गेला, खटके लागले. आत अंधार झाला नाही. वरच्या झरोक्यातून उन्हाचा एक पट्टा आत येऊन समोरच्या भिंतीवर पडला होता. गवताचा आणि रबराचा वास. बाईंनी दात आवळले. या वासात त्या अकरा वर्षांनी उभ्या होत्या.

बराच वेळ काही झालं नाही.

"अगं, निघ की!" बाई ओरडल्या. "डॉक्टर वीस मिनिटं म्हणालेत, वीस वर्षं नव्हे!"

मग बाईंच्या लक्षात आलं की उन्हाचा पट्टा भिंतीवरून सावकाश सरकतोय. गाडी केव्हाच निघाली होती. पायाखाली बारीक थरथर होती, जात्याजवळ बसल्यावर जमिनीला असते तेवढी. टाकीजवळचा खड्डा आला तो बाईंना माहीत होता म्हणून कळला. आधी पुढचं चाक जपून उतरलं, मग मागचं. पुढे खाणीचं वळण. बाईंनी दोर घट्ट धरला, डोळे मिटले, आणि थांबल्या. ऊन डाव्या भिंतीवरून उजव्या भिंतीवर आलं, मग मागे गेलं. बाईंनी डोळे उघडले. वळण होऊन गेलं होतं.

अंगणात रॅम्प खाली आला तेव्हा बाई होत्या तशाच उभ्या होत्या, पदरसुद्धा हलला नव्हता.

"झुलला का?" मुलाने विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. त्यांना थोडा रागच आला होता. इतकी वर्षं ज्याला शिव्या घातल्या त्याने निदान एकदा तरी हिसका द्यायला हवा होता. "बैलगाडीसारखा चाललाय. ट्रक काढ तुझा."

ट्रकच्या रॅम्पवर चढताना बाईंना दोन ठिकाणी थांबावं लागलं. गुडघ्यावर हात ठेवून त्यांनी श्वास घेतला आणि मान वळवून डॉक्टरांकडे अशा नजरेने बघितलं की डॉक्टरांनी वहीत काहीतरी लिहायला घेतलं. आत ऐसपैस जागा होती, खाली पेंढ्याचा गुडघाभर थर. बाई घोड्यासारख्या आडव्या उभ्या राहिल्या. समोर कडी, कडीला एकेरी सुतळी. पुन्हा तीच गाठ त्यांनी मारली, पुन्हा दोनदा दाबली.

ट्रक निघाला तो ट्रकसारखा निघाला. बाईंना त्यात काही वावगं वाटलं नाही. जड गाडी आहे, आवाज करणारच. पुढच्या खिडकीतून मुलाचा आवाज येत होता.

"बघ आई, कशी रस्ता धरून चाललीय!"

टाकीजवळच्या खड्ड्याला बाईंच्या टाचा वर उचलल्या गेल्या. काही हरकत नाही. मुलगा वाईट चालवत नव्हता, त्याच्या शेजारी बसून बाई कुठे कुठे फिरल्या होत्या, कधी डुलकीसुद्धा काढली होती. बापाने शिकवलं होतं त्याला, याच रस्त्यावर, मांडीवर बसवून.

मग खाणीचं वळण आलं.

ते आलं आहे हे बाईंना ब्रेक लागल्यावर कळलं. गाडी थांबल्यासारखी झाली आणि बाई थांबल्या नाहीत. सगळं अंग बाजूला फेकलं गेलं. पाय जागेवर, बाकीची बाई भिंतीकडे. त्यांनी दोर मुठीत धरला होता तो धरलाच. वळणाने त्यांना दुसऱ्या बाजूला ओढलं, सगळा भार त्या दोरावर आला, कानाशी टच्च असा आवाज झाला, आणि मोठ्या बाई गुडघ्यांवर, मग कुशीवर, पेंढ्यात गेल्या.

ट्रक अंगणाकडे वळला. बाई उठल्या नाहीत. लागलं नव्हतं, पेंढा भरपूर होता. त्या पडल्या जागी हातातला दोर बघत होत्या.

गाठ दोराच्या टोकाला तशीच होती. आवळून आवळून सुपारीएवढी टणक झालेली. तिच्या पोटात सुतळीचा बोटभर तुकडा अडकला होता, दोन्ही टोकं पिंजारलेली. वर कडीला उरलेली सुतळी लोंबत होती.

बाईंनी गाठ नखाने उकलून बघितली. उकलली नाही. त्यांनी ती दातांत धरून बघितली, उगीचच. मग तो दोर मांडीवर घेऊन त्या पेंढ्यात नीट मांडी घालून बसल्या. अकरा वर्षांपूर्वी अंगणात त्यांच्या हातात असाच एक दोर आला होता, गुंडाळलेला. त्याच्या टोकाला काय होतं हे बघायला किती वेळ लागला असता? चुलीकडे जाता जाता बघून झालं असतं.

रॅम्प खाली आला. उजेडात मुलगा उभा, त्याच्यामागे सून, तिच्यामागे डॉक्टर बॅग उघडत.

"आई! पडलीस? लागलं का?"

"ओरडू नकोस. बसलेय."

"वळण जरा... मला वाटलं तू धरून उभी आहेस."

"धरूनच उभी होते." बाईंनी त्याच्याकडे बघितलं. कपाळ, भुवया, ओठ दाताखाली धरायची खोड, सगळं बापाचं. "वळणाला ब्रेक केव्हा लावतोस रे तू?"

"केव्हा म्हणजे? वळण आल्यावर."

"कोणी शिकवलं?"

"बाबांनी. का गं?"

"काही नाही. हात दे."

त्याने हात दिला. उठताना बाईंच्या तोंडून आवाज निघाला तो कण्हल्याचा असेल असं समजून डॉक्टर पुढे आले. पण बाई हसत होत्या. हसू दाबायला त्यांनी पदर तोंडाशी धरला, तरी खांदे हलत राहिले. सुनेने लग्न होऊन या घरात आल्यापासून सासूला अशी हसताना बघितलं नव्हतं, ती घाबरून म्हणाली,

"आई, डोक्याला तर नाही ना लागलं?"

"माझ्या डोक्याला काय धाड भरलीय? जीप आणि ट्रेलर इकडे घे. तांबडी ट्रेलरमधून जाईल, तू चालवशील."

मुलाचा चेहरा उतरला. त्याने ट्रकच्या दारावर हात ठेवला, जनावराच्या पाठीवर ठेवतात तसा.

"म्हणजे मी वाईट चालवतो."

"तू झकास चालवतोस," बाई म्हणाल्या. "पुढे बसणाऱ्याला. आपले घोडे ट्रकमधून उतरतात तेव्हा मानेखाली घामाने ओले असतात, आपण म्हणतो उकाडा आहे. परवा थंडीत नेलेस तेव्हाही ओले होते. तेव्हा काय म्हणालो आपण?"

मुलाने ट्रकच्या दारावरचा हात काढून घेतला.

"आम्ही परत आलो की तू उभा राहा मागे, आणि आपण कोणाला तरी चालवायला सांगू. शिकशील. तुझ्या बाबांना सांगायचं राहून गेलं, तुला तरी सांगते."

तांबडीला खणातून बाहेर काढायला दहा मिनिटं गेली. ती एक पाऊल टाकायची, थांबायची, दुखरा पाय उचलून धरायची. रॅम्पशी येऊन तिने नाकपुड्या फुलवल्या आणि पुढचा खूर फळीवर आपटला. पोकळ आवाज झाला. ती मागे सरली. डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. साडेअकरा.

"पेंढा आणा," सून म्हणाली. मुलाने न सांगता ट्रकमधून दोन कवळे पेंढा आणला आणि रॅम्पवर पसरला, जाड, आवाज बुजेल असा. सून घोडीच्या मानेशी उभी राहिली, ओढली नाही, नुसती उभी राहिली. बाई मागून म्हणाल्या,

"चल गं म्हातारे. मी जाऊन आलेय आत, काही नाही तिथे."

तांबडीने कान मागे वळवले, पुढे केले. मग एक पाऊल, दुसरं, दुखऱ्या पायाने एक उडीवजा पाऊल, आणि ती आत होती.

मुलगा तिला बांधायला पुढे झाला. बाईंनी त्याला कोपराने बाजूला केलं.

"आई, तू बांधतेस?"

"का? हात मोडलेत माझे?"

त्यांनी कडीतली सुतळी तपासली. एकेरी. दोर तिच्यातून घेतला. एक वळसा, एक मुडप, मुडपीतून मुडप, खेच. या वेळी दाबून बघितलं नाही.

जीपमध्ये सुनेशेजारी बाई पहिल्यांदाच बसल्या. गुडघ्यांवर हात ठेवून, पाहुण्याच्या घरी बसावं तशा ताठ. एवढ्या वर्षांत त्यांना सुनेचं चालवणं माहीत नव्हतं, कारण मुलगा असताना सुनेच्या शेजारी कशाला बसायचं, असा आपला सरळ हिशोब. आता त्या सुनेचा पाय बघत होत्या. वळण दिसायच्या आधीच, नुसती रस्त्याकडेची झाडं वाकडी व्हायला लागली की तो पाय ब्रेककडे जायचा, अलगद, झोपलेल्या मुलाच्या खोलीतून निघावं तसा. वळणात गाडी शिरे तोवर सगळं संपलेलं असे.

"तुला कोणी शिकवलं गं?" बाईंनी विचारलं.

"कोणी नाही. घोड्यावर बसल्यावर वळणाच्या आधीच सांगावं लागतं ना त्याला. तसंच."

बाईंनी मान हलवली. चारदोन मैल गेले.

"माणूस सोन्यासारखा होता," बाई एकदम म्हणाल्या. कोणाबद्दल, ते सुनेने विचारलं नाही. "घरात कधी आवाज चढवला नाही, घोड्याला कधी चाबूक लावला नाही. पण ब्रेकवर पाय उशिरा. लग्न करून आणलं त्या दिवशीसुद्धा माझं कपाळ पुढच्या काचेवर आपटलं होतं. मी म्हटलं, असेल नव्या नवऱ्याची घाई."

सून हसली नाही, पण तिच्या गालाला खळी पडली. पुढे झाडं वाकडी होत होती. तिने पाय ब्रेकवर नेला.

दवाखान्याच्या फाटकातून गाडी आत गेली तेव्हा दोनला दहा कमी होते. रॅम्प खाली आला. बाई आधी आत शिरल्या आणि त्यांनी हात सरळ तांबडीच्या आयाळीखाली घातला.

"कोरडी," त्या म्हणाल्या. आणि एवढ्या वेळाने त्यांचा जीव भांड्यात पडला.

तांबडीने जाळीतलं निम्मं गवत खाल्लं होतं. मागे लीदही टाकली होती, गोल, व्यवस्थित, घरी टाकते तशी. दवाखान्यातला माणूस फावडं घेऊन आला तर बाई म्हणाल्या, "जरा थांबा, बघू द्या," आणि दागिना बघावा तशी त्यांनी ती लीद बघितली. दोर त्यांनी स्वतः सोडला. मोकळं टोक ओढलं, गाठ एका झटक्यात उघडली. कडीतली सुतळी शाबूत होती.

मग वाट बघणं आलं. लांब पडवी, एका बाजूला दारं, दुसऱ्या बाजूला लोखंडी बाकं. तिसऱ्या दाराआड तांबडी. बाई बाकावर बसल्या, दोर मांडीवर. सुनेच्या फोनवर मुलाचा फोन आला, तिने तो सासूच्या कानाला लावला.

"पोहोचलात?"

"केव्हाच. आत घेतलीय तिला."

"वाटेत काही झालं नाही ना? गाठबीठ नीट राहिली?"

बाईंनी फोन कानाशी आणखी दाबला.

"गाठीला काय होतंय?" त्या म्हणाल्या. "गाठ तेव्हाही नीट होती. सुतळी तुटली होती. तिने तुटायचंच असतं."

मग मुलगा म्हणाला,

"बरं आई."

"जेवून घे. आणि ट्रक धुवून ठेव."

फोन देऊन टाकल्यावर बाईंना हात रिकामे ठेवणं जमेना. त्यांनी दोर बाकाच्या दांड्याला बांधला. सोडला. पुन्हा बांधला. सून शेजारी बसून समोरच्या दाराकडे बघत होती. असा एक तास गेला, कदाचित जास्त. बांधायचा, सोडायचा, बांधायचा.

दार उघडलं. हिरवे कपडे घातलेली एक उंच डॉक्टरीण बाहेर आली, हातमोजे काढत.

"पू सगळा निघाला," ती म्हणाली. "सांधा आतून चांगला आहे अजून. आठ दिवस ठेवावं लागेल, पण चालेल ती. शुद्धीवर येतेय, यायचं असेल तर या. एकच जण."

बाई उठल्या. पदर सावरला, केसांवरून हात फिरवला, तांबडीला काय त्याचं, तरी फिरवला. दाराशी जाऊन त्या वळल्या.

"दोर घेऊन ये गं, विसरशील."

सुनेने दोर उचलायला हात घातला. तो बाकाला बांधलेलाच होता. मोकळं टोक बोटाशी होतं, ते तिने धरलंही. पण मग सोडलं, आणि घोडा असतो त्या बाजूने दोर धरून हळूच ओढला. गाठ आवळली. तिने पडवीत कोणी बघत नाही ना हे बघितलं, पाय फरशीवर रोवले आणि दोन्ही हातांनी, सगळा भार टाकून ओढला.

लोखंडी बाक खरखरत वीतभर पुढे आलं. गाठ होती तिथेच होती.